तोंगाईचं सोंग

तोंगाईच्या थोरल्या काकांनी मुचानेताला न्हाणीच्या आडोशाला गाठलं. म्हणाले, "खोकल्याच्या औषधाचं नाव काढायचं नाही. पोरगं गाडीवरून पडलं, एवढंच."

"मग मला कशाला बोलावलंत? रडायला बाया आहेत की पुष्कळ," असं म्हणून मुचानेतानं मेलेल्या तोंगाईचा शाळेचा स्वेटर डोक्यातून घातला.

चितुंगविझा शहराच्या या गल्लीत ती शाळेचे गणवेश शिवायची. हा स्वेटर तेवढा तिच्या हातचा नव्हता. पण मयताच्या घरी तिचा मान वेगळा. या घराण्याची ती साहविरा होती, तिच्या आधी तिची आई होती. गेलेल्याचे कपडे अंगावर चढवायचे, त्याच्यासारखं चालायचं, त्याच्या खोडी सगळ्यांदेखत काढायच्या, रडणाऱ्यांना हसवायचं. साहविराचं तोंड कोणी धरायचं नाही, ही रीत. आजवर तिनं म्हाताऱ्यांचीच सोंगं काढली होती आणि एकही चुकलं नव्हतं, याचा तिला भारी तोरा. सोळा वर्षांच्या पोराचं सोंग काढायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

भिंतीशी, पोरांच्या घोळक्यात, तोंगाईचा धाकटा भाऊ अनेसू उभा होता. डोळे जड, मान कलती. भाऊ गेला, झोप नाही, असं बाया म्हणत होत्या. मुचानेताला ते पटेना. नशेसाठी औषधाच्या बाटल्या रिचवणारी पोरं तिनं रोज पाहिली होती. एक गेला, हा तरी राहू दे. याच्यासाठी आज भीडभाड गुंडाळून ठेवायची, असं तिनं ठरवलं.

ती अंगणात आली. खांदे पाडले, पाय फरफटवले, नसलेली बाटली तोंडाला लावली आणि तोंगाईच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, खोकला जातच नाही गं. अजून एक बाटली लागणार."

पोरं फिसकन हसली. बायाही हसल्या, डोळे पुसत. काकांनी मान फिरवली. तोंगाईची आई तेवढी हसली नाही.

मग मुचानेता नसलेल्या मिनीबसच्या मागच्या शिडीला लटकली. औषध पोटात गेलं की पोरं पैजा लावून धावत्या गाडीला अशीच लोंबकळत. एक हात वर शिडीला, दुसरा हवेत, रस्त्यावरच्या पोरींना टाटा. आणि वरचा हात सुटला. ती धाडकन मातीत पडली. साठीचं शरीर, कंबरेत कळ गेली, पण ती हलली नाही. हसू विरून गेलं. आईनं हंबरडा फोडला.

तिला उठवायला अनेसू पुढे आला. तो वाकला तसा त्याच्या तोंडाचा गोड, औषधी वास तिच्या नाकात शिरला.

"आजी, चुकलं तुमचं," तो तिच्या कानाशी म्हणाला. "त्यानं हात नव्हता हलवला."

"मग?"

"त्या हातानं त्यानं मला धरलं होतं. मी घसरत होतो."

मुचानेतानं त्याचं मनगट पकडलं. तो हात सोडवून घेऊ लागला. भिंतीशी पोरं त्याची वाट बघत होती. उठा आता, झालं सोंग, असं लोक म्हणाले. ती उठली नाही. मेलेल्या पोराच्या स्वेटरात, तशीच मातीत पडून, तिनं दुसऱ्या हातानंही त्याला धरलं.