कडेची खाच

गेजपट्टीचं टोक खाचेत उतरलं आणि काटा पाऊण मिलिमीटरवर थांबला; नियमाप्रमाणे खोली अर्ध्यापर्यंतच चालते. तिनं टाकीवरच्या वेल्डिंगच्या जोडाची कड फडक्यानं पुसली, टोक पुन्हा टेकवलं. पुन्हा पाऊणच. बॅटरी आडवी धरली की खाचेची सावली लांबत होती, सरळ धरली की खाच जणू नव्हतीच... मग सरळच धरावी का?

जोड दादाचा होता. हातमोजे काढून तो टाकीशेजारी उभा होता, निकालाची घाई नसलेल्या माणसासारखा. लहानपणी शाळा सुटली की ती परस्पर वर्कशॉपात यायची, आणि हाच तिच्या डोळ्यांसमोर काळी काच धरून वितळलेला थेंब कसा पाहायचा ते दाखवायचा. ती तपासनीस झाली तेव्हा यानंच सगळ्यांना ऐकवलं होतं, की आता बहीण मला नापास करणार. केवढा हसला होता तेव्हा –

“काय म्हणतेय तुझी पट्टी?”

“कडेला खोल गेलंय, दादा. परत भरावं लागेल.”

तो वाद घालेल असं तिला वाटलं. घालावा असंही वाटलं. पण तो वाकला, बोटानं जोड चाचपत राहिला... चाचपत होता, पाहत नव्हता.

“मला कड दिसत नाही गं हल्ली. चारेक महिने झाले.” मग अगदी सहज म्हणाला, “तू तपासतेस म्हणून काळजी नव्हती.”

वहिनीला इतक्यात सांगू नकोस, एवढं बजावून तो हात धुवायला गेला. तिनं पिवळ्या खडूनं जोडाभोवती गोल काढला, आणि खडू बोटांतच राहिला.

चार महिने. म्हणजे दादानं जोडलेला नदीवरचा पादचारी पूलही त्यातच. त्याच्या जोडांवरून बॅटरी फिरवली होती, हो, नक्की फिरवली होती, पण पट्टी? दादाचा जोड म्हटल्यावर पट्टी कशाला काढायची... आज काढली, तीही मघाशी नवा मुकादम क्षणभर शेजारी येऊन उभा राहिला म्हणून. मग त्या पुलावर मी पाहिलं तरी काय? एखादा तरी जोड आठवावा म्हणून तिनं डोळे मिटले. कठडा आठवला, खालचं पाणी आठवलं, कागदावरची स्वतःची सही आठवली – जोड एकही नाही. या वेळी त्या पुलावरून माणसं घरी परतत असतील, बोलत, खाली न पाहता.

तिनं डोळे उघडले. समोरचा दुसरा जोड राखाडी, गुळगुळीत, निर्दोष दिसत होता. आणि त्या दिसण्यावर तिचा काडीचाही विश्वास बसेना.