दिव्यातली थंडी

मे महिन्यातल्या त्या गुरुवारी धारगळच्या हमरस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. रस्त्यापासून दोनशे पावलांवर, जयरामांच्या घरातल्या आतल्या खोलीत मात्र चाळीस माणसं थंडीची वाट बघत बसली होती. बायकांनी पदर कानांवरून ओढून घेतले होते. एका म्हाताऱ्यानं कानटोपी आणली होती. दार बंद, जनेलं म्हणजे खिडक्या बंद, पंखा बंद. घामाच्या वासानं जीव घुसमटत होता. विमानतळाच्या जमिनीवरून गावात भांडणारे दोन्ही गट इथे मात्र मांडीला मांडी लावून बसले होते. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो आणि माझे गुडघे दुखत होते.

समोरच्या भिंतीवर जयरामांचा फोटो होता. त्याला झेंडूचा जाडजूड हार, खाली लाकडी फळी, फळीवर पाच वातींचं पितळेचं निरांजन. बाजूला पाटावर शीतळनाथ बाबा. कुठल्या गावचे ते कोणाला नीट सांगता येत नव्हतं, पण आवाज खणखणीत होता.

“अग्नी काय देतो?” बाबांनी विचारलं.

“ऊब!” लोक म्हणाले.

“आणि आमचा अग्नी?”

“थंडी!”

“विज्ञान म्हणतं, पेटवलं की तापतं. आम्ही म्हणतो, पेटवलं की गोठतं! बोलवा तुमच्या शास्त्रज्ञांना. बोलवा अमेरिकेतून! बघू दे त्यांना, मेलेला माणूस आपल्या घरात कसा श्वास सोडतो ते. जप करा. मोठ्यानं करा. हळू जप आत्म्याला ऐकू जात नाही.”

बाबांनी वाती पेटवल्या. लोक ओरडून जप करू लागले. मी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं काहीच झालं नाही. सहाव्या मिनिटाला छताच्या पट्ट्यांमधून गार झोत उतरला आणि माझ्या मानेवरचा घाम एकदम थंड पडला. पुढे एक बाई किंचाळली, “इलो! जयराम इलो!” सगळे उठून हात जोडू लागले. कानटोपीवाला म्हातारा रडत होता.

पहिल्या ओळीत एकटीच खुर्चीवर बसली होती ती जयरामांची बायको, शेवंती. तिचा उजवा पाय स्टुलावर ठेवलेला होता. पायाला फडकं गुंडाळलेलं, आणि फडक्याला पिवळा डाग.

बाबा तिच्याकडे वळले. “मालक आले, वहिनी. पाय या हवेत ठेवा. सुया घेत नाही ना?”

“नाय, बाबा. महिनो झालो.”

“सुई उष्ण असते. ती रक्त तापवते. हा पाय मी शिशिरासारखा थंड करतो की नाही बघा.”

मी डोळे मिटून घेतले. चीड यायला हवी होती. आला तो फक्त थकवा.

मी डिचोलीला आयटीआयमध्ये एसी आणि फ्रीज दुरुस्ती शिकवतो. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. तरुणपणी अशा बाबांच्या मागे मी गावोगाव फिरलोय. पाण्यानं पेटणारे दिवे, हातातून झरणारी राख, नारळातून निघणारं रक्त, सगळं उघडं केलंय. लोक त्या दिवशी टाळ्या वाजवतात आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाबाकडे जातात. एका गावात माझी स्कूटर जाळली. त्यानंतर बायको म्हणाली, “आता पुरे झालं, गोकुळदास,” आणि मलाही ते पटलं.

मग त्या गुरुवारच्या आधी जयरामांची सून गौरवी माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. माहेर सर्वणचं, म्हणजे आमच्याच बाजूची. तिचा नवरा साईश माझा जुना विद्यार्थी. हुशार पोरगा, मालवाहू जहाजावर शीतगृहं सांभाळायच्या कामाला लागलेला.

“त्यांचा फोन महिन्यातून एखाद वेळ येतो, तोही तुटतो,” ती म्हणाली. “शेवटच्या फोनवर एवढंच म्हणाले, सरांना घेऊन जा.”

“मी हे सोडलंय, बाय.”

“सर, आईंच्या पायाची दोन बोटं काळी पडलीत. मी साखरेच्या इंजेक्शनचं नाव काढलं की बाबा म्हणतात, सुनेच्या मनात पाप आहे. आता ती खोली त्यांच्या मठाला लिहून द्या म्हणतायत. आणि मला माहेरी पाठवा म्हणतायत. मी घरात असले की आत्मा बिचकतो, म्हणे.”

“आत्मा कधी न आल्याचं आठवतं तुला?”

ती म्हणाली, “एकदा वीज गेली होती. त्या गुरुवारी बाबांनी मौन धरलं.”

मी खडू खाली ठेवला.

तो गुरुवारचा सोहळा बघून झाल्यावर मी शनिवारी सकाळी पुन्हा गेलो. शेवंतीकाकी शेजारच्या घरी होत्या. गौरवीनं खोली उघडून दिली.

जयराम शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. साईशनं बापासाठी छताच्या आत लपणारा एसी बसवला होता, परदेशात बघितला होता तसा. बाहेरून दिसायच्या त्या फक्त छताच्या पट्ट्या. रिमोट नव्हता. जानेवारीत जयराम गेले, तेराव्यानंतर साईश जहाजावर परतला, आणि घरच्यांनी गृहीत धरलं की एसी आता बंद आहे, कारण तो चालवणारा माणूसच घरात नाही.

“पण महिन्याभरानं आईंच्या लक्षात आलं,” गौरवी म्हणाली. “रोज दुपारी दोन वाजता खोली आपोआप गार पडायची. बाबा, म्हणजे माझे सासरे, दोन वाजताच झोपायचे. आईंनी ते कोणा पाहुण्याला सांगितलं आणि तो पाहुणा ह्या माणसाला घेऊन आला. शुद्धीसाठी म्हणून तो एकटा इथे दोन तास बसला होता.”

मी फोटोचा हार बाजूला केला. हाराच्या मागे, फळीच्या बरोबर वर, पांढरी चपटी डबी होती. तिच्यावर वेळ दिसत होती.

“ते घड्याळ आहे ना?” गौरवीनं विचारलं.

“घड्याळही आहे. हा थर्मोस्टॅट. खोली किती तापलीय ते हा मोजतो आणि त्याप्रमाणे एसी चालू-बंद करतो. शिवाय याला दिवसाच्या वेळा शिकवून ठेवता येतात.” मी प्रोग्रामचं बटण दाबलं. सोमवार, दुपारी दोन, चोवीस अंश. दुपारी चार, चौतीस अंश. पुढे दाबत गेलो. मंगळवार तेच, बुधवार तेच, रविवारपर्यंत तेच. साईशनं बापाच्या झोपेची वेळ यात भरून ठेवली होती. वीज गेली तरी आतल्या सेलवर ते सगळं टिकतं. माणूस गेला हे डबीला सांगायला मात्र कोणी उरलं नव्हतं.

“मग गुरुवारी साडेचारला, जपाच्या वेळी?”

मी फळीकडे बोट दाखवलं. “ही कोणी मारली?”

“शीतळनाथ बाबांनी सुताराला जागा दाखवली. वीत लावून मोजली होती.”

मी निरांजन पेटवलं. ज्योतींची धग डबीला लागू लागली. आकडे चढले, एकतीस, तेहेतीस, छत्तीस. डबीला वाटलं, खोली भट्टी झाली. घरामागे यंत्राची घरघर सुरू झाली, पण लगेच नाही. बंद पडलेला एसी पुन्हा चालू व्हायला हे यंत्र पाच मिनिटं थांबतं, कॉम्प्रेसर जळू नये म्हणून. जप तेवढाच वेळ चालायचा. मोठ्यानं करायचा, कारण घरघर ऐकू येता कामा नये. आणि वाती जळत असेपर्यंत डबी तापलेलीच राहणार, त्यामुळे खोली कितीही गारठली तरी एसी थांबणार नव्हता.

गौरवीनं डबीवर बोट टेकवलं. “एवढंच?”

“नेहमी एवढंच असतं.”

ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “मला बटणं शिकवा.”

पायासाठी पुढच्या गुरुवारपर्यंत थांबणं मला पटत नव्हतं. मी शेजारच्या घरी जाऊन शेवंतीकाकींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मास्तर, तुमी शिकलेले. पण माका तेंचो वास येता थंय. तेंच्या औषदाचो.” उठायला काही त्या तयार होईनात. माझ्या बोलण्यानं कोणाचा विश्वास ढळत नाही हे मला ठाऊक होतं. डोळ्यांनी दिसलं तरच काही आशा होती.

गुरुवारी मी पुन्हा मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. डबीवरची कळ गौरवीनं सकाळीच बंदवर सरकवली होती, दुपारचे दोन वाजायच्या आत.

बाबांनी वाती पेटवल्या. जप सुरू झाला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोकांचे आवाज बसू लागले. कोणीतरी पदरानं वारा घेऊ लागलं. कानटोपीवाल्यानं टोपी काढली. बाबांच्या कपाळावरचं गंध घामानं नाकावर उतरलं.

“थांबा!” बाबा ओरडले. “मालक दाराशी उभे आहेत, आत येत नाहीत. दुपारीही आले नाहीत ना, वहिनी? या घरातली एक बाई त्यांना अडवतेय. आज, आत्ता, ती या घरातून बाहेर गेली पाहिजे!”

चाळीस माना गौरवीकडे वळल्या. शेवंतीकाकीही वळल्या. मी पुढे व्हायला पाऊल उचललं, पण त्याची गरज पडली नाही.

“जाते,” गौरवी म्हणाली. “जायच्या आधी मामंजींना मी बोलावून बघते. जप नको. सगळे गप्प बसा.”

तिनं फोटोचा हार काढून मेजावर ठेवला. डबी सगळ्यांना दिसली. तिनं कळ चालूवर सरकवली. बाबा उठले. “स्पर्श करू नको! भस्म होशील!”

“बसा हो, बाबा,” कानटोपीवाला म्हातारा म्हणाला. “होऊ दे भस्म, बघूया.”

बंद खोलीत वातींचा तडतड आवाज ऐकू येत होता. पाच मिनिटांनी घरामागे यंत्र घरघरलं. इतके गुरुवार ते तिथेच घरघरत होतं आणि कोणी ऐकलं नव्हतं. छतातून गार झोत उतरला. गौरवीनं फुंकर मारून दिवा विझवला. डबी थोडी निवली आणि झोत थांबला. तिनं पुन्हा दिवा लावला आणि यंत्राची पाच मिनिटं भरू दिली. झोत पुन्हा आला.

“आता तुम्ही लावा, धाकूकाका,” तिनं त्या म्हाताऱ्याला सांगितलं. “तुमच्याही हातून येतील बघा मामंजी.”

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. बाबा विज्ञानाला, कलियुगाला आणि पेडण्यातल्या वीजखात्याला शिव्या देत बालकांवात, पुढच्या ओसरीवर गेले, चपला घातल्या आणि हमरस्त्याच्या दिशेनं चालते झाले. त्यांना कोणी अडवलं नाही. पोलिसांकडे चला म्हणालो तर सगळ्यांना घरी कामं आठवली.

खोली रिकामी झाली. शेवंतीकाकी खुर्चीतच होत्या. मला सगळ्यात नको वाटतो तो हा भाग. चोर पकडला की लोकांच्या गळ्यातला दागिना परत मिळतो. इथे उलट होतं. मी त्यांचा नवरा दुसऱ्यांदा नेणार होतो.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “ह्यो लबाड. पण दोन वाजता येत ते?”

“ते साईशनं लावून दिलेलं, काकी. जयरामांच्या झोपेसाठी. रोजची वेळ घालून ठेवली होती.”

“म्हणजे ते नाय?”

“नाही.”

त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग छताकडे. त्या म्हणाल्या, “मगे ता बंद कर गो, गौरवी. माका थंडी सोसणा नाय. इतके दिस मी रोज कुडकुडतंय. ते येतत म्हणान गप रवलंय.”

गौरवीनं त्यांच्या खांद्यावर चादर घातली. मग सासूनं सुनेचा हात धरला आणि दोघी कितीतरी वेळ रडल्या. मी बालकांवात जाऊन रिक्षावाल्याला फोन केला.

म्हापशाच्या इस्पितळात डॉक्टरांनी पाय बघितला आणि मला बाजूला घेतलं. दोन्ही बोटं काढावी लागली. आठवडाभर उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं. महिनाभर आधी आणलं असतं तर काहीच गेलं नसतं. मी ते ऐकून घेतलं. कोणाला दोष द्यायचा याची यादी करायची माझी ताकद उरली नव्हती.

जूनमध्ये काकींची विचारपूस करायला गेलो तेव्हा पेडण्याकडून दोन बायका आल्या होत्या. बाबा पळाल्याचं त्यांना माहीत नव्हतं. काकी काठी टेकत त्यांना आत घेऊन गेल्या. डबी दाखवली, कळ कुठली ते सांगितलं, सव्वीसवर कसं ठेवायचं ते स्वतः करून दाखवलं. “तू दाब,” त्या एकीला म्हणाल्या. त्या बाईनं आधी डबीला नमस्कार केला, मग बटण दाबलं.

काकींनी माझ्याकडे बघितलं. मी हसलो नाही. “परत दाब,” काकी तिला म्हणाल्या, “नमस्कार न करता.”

मला लोकांना एवढंच सांगायचं आहे. तुमच्यापुढे कोणी चमत्कार केला तर हात जोडण्याआधी हाराच्या मागे काय आहे ते बघा. दिवा कुठे ठेवलाय, कोणी ठेवायला सांगितला, वीज गेल्यावर काय होतं, आवाज मोठा का करायला लावतात, ते विचारा. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो माणूस असतो, आणि त्याच्या रागाचं कारण शोधायला शास्त्रज्ञ लागत नाही. आणि तुमची सुई, तुमची गोळी कोणी बंद करायला सांगितली, तर तो कितीही गोड बोलत असो, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मी थकलोय, प्रत्येक गावाला येणं मला जमणार नाही. हार तुम्हालाच बाजूला करायचा आहे.