बिनविरोध अध्यक्ष

मी एक जुनी खुर्ची आहे. सागवानी पाय, वेताची बैठक, दोन रुंद हात. माझे सगळे आयुष्य सभांमध्ये गेले, त्यामुळे मला गोष्ट सरळ सांगता येत नाही. एकेक विषय घ्यावा लागतो. तेवढे चालवून घ्या, मित्रांनो.

विषय पहिला : जन्म

मी आधी तुळई होते. कोयनानगरच्या वरच्या अंगाला अर्जुना नावाच्या शेतकऱ्याचे घर होते. त्या घराच्या माजघरावर मी आडवी होते. सदुसष्ट साली भूकंप झाला त्या पहाटे मी खाली आले. खाली अर्जुनाची बायको मनुबाई झोपली होती. मी लाकूड. मला थांबता आले नाही.

आष्ट्याहून भाकरी आणि कांबळी घेऊन एक ट्रक आला. त्यातून काळ्या टोपीचा एक किडकिडीत माणूस उतरला. ते भाऊसो. आष्ट्याच्या एका अडत दुकानात हिशेबनीस होते. त्यांनी चार माणसे गोळा केली, मला उचलले आणि मनुबाईला बाहेर काढले. मग बाकीचे पुढच्या घराकडे गेले तरी ते अर्जुनाजवळ बसून राहिले. 

सत्तर साली अर्जुना मला ट्रकात घालून आष्ट्याला घेऊन आला.

"ह्ये लाकूड घरात ठेववत न्हाई, आन् जाळवत बी न्हाई," तो म्हणाला. "तुमी न्या, भाऊसो."

भाऊसोंना नाही म्हणता येत नसे. कोणालाच. त्यांनी सुताराकडून माझी खुर्ची करून घेतली आणि ते ज्या सेवा समितीचे अध्यक्ष होते तिच्या खोलीत ठेवली.

मेलेल्या माणसाला टेकून राहणे म्हणजे काय, हे मला खुर्ची होण्याआधीच ठाऊक होते.

विषय दुसरा : अध्यक्ष

भाऊसो दिवसा अडतीत बसत आणि दिवे लागले की माझ्यावर. दुष्काळात त्यांनी गुरांच्या छावणीला पाणी पोचवले, शाळेच्या पटांगणात उपाशी पोरांसाठी सुकडी शिजवायची चूल लावली. देवीची लस टोचून घ्यायला घाबरणाऱ्यांसमोर आधी स्वतःचा दंड उघडा केला. कोणी बेवारस मेले तर खांदा द्यायला पहिले तेच. गाव म्हणे, "भाऊसो बघतील." आणि भाऊसो बघत.

सभेत ते डोळे मिटून ऐकत. डावीकडे कलून बसत, म्हणून माझा वेत डावीकडे जास्त खोल गेला होता. कोणी हरकत घेतली तर डोळे उघडत. ते गप्प राहिले तर ठराव मंजूर.

विषय तिसरा : दुखवटा

चौऱ्याहत्तर सालची उन्हाळ्यातली सभा. विषय नळाचा होता. भाऊसोंनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने माझी पाठ गार पडू लागली. मला कळले. बाकी कोणाला कळले नाही. आप्पासो आणि हंबीरराव, गावातल्या दोन गटांचे पुढारी, एकमेकांवर ओरडत होते. भाऊसो गप्प होते, म्हणून तो ठराव मंजूर झाला. त्यानंतरचाही झाला.

सभा संपल्यावर आप्पासोंनी खांदा हलवला. "भाऊसो, उठा. घरी न्हाई जायाचं?"

विषय चौथा : नवीन अध्यक्षाची निवड

दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. सगळ्यांनी हात जोडून सांगून पाहिले. तुमच्या पत्नीची, सुलाबाईंची, काळजी घेऊ. शिवला नाही. नळ गल्लोगल्ली नेऊ. शिवला नाही. ऊन चढले तसे आप्पासो वैतागून म्हणाले, "बरं, ऱ्हावा मग तुमीच अध्यक्ष!" आणि कावळा झेपावला.

मी नदीवर नव्हते. पण पुढच्या सभेत प्रत्येक जण हे दुसऱ्याला सांगत होता, जणू दुसरा तिथे नव्हताच.

शब्द तर दिला गेला होता. शिवाय आप्पासोंना हंबीरराव नको होते आणि हंबीररावांना आप्पासो. भाऊसो दोघांनाही चालत होते. पंचाहत्तर साली भाऊसो बिनविरोध निवडून आले. मला हार घालण्यात आला.

विषय चौथा, पुन्हा

शहात्तर. सत्त्याहत्तर. बिनविरोध.

माझ्यावर कोणी बसत नसे. पहिल्या वर्षी माझा वेत काढून नवा, ताणून विणला होता. मित्रांनो, खरे सांगते, तो दिवाळीपर्यंत खाली गेला. डावीकडे जास्त. आणि तिथे ऊब असे.

सभेत आता मला विचारत.

"भाऊसो, पाण्याची टाकी माळावर का पेठंत?" आप्पासो विचारत. मग सगळे श्वास रोखून थांबत. कुठेतरी कर्र असे वाजे.

"झालं! माळावर."

"आरं, उन्हानं वाजतंय ते. लाकूड हाय," हंबीरराव म्हणत.

"जित्ते असताना तरी तुझ्या बाजूनं कवा वाजले व्हते?"

सगळे हसत. मी हसत नसे. सुरुवातीला उन्हाने मीच वाजत होते. पुढे पुढे मी अगदी स्थिर असे, आणि तरीही वाजे.

टाकी झाली नाही. काहीच झाले नाही. छावणीला जायचे, लस टोचायची, खांदा द्यायचा, सगळ्याला एकच उत्तर : "भाऊसो बघतील." लोक दुपारी खोलीत येऊन माझ्यावर आपापली कामे ठेवून जाऊ लागले. कोणी नारळ ठेवला. कोणी आजारी लेकराचे झबले. हरणाबाई गल्लीतल्या नळाची तुटलेली तोटी ठेवून म्हणाली, "आवं भाऊसो, तेवढं आमचं पाण्याचं बगा."

प्रत्येक वस्तूसरशी वेत आणखी खाली जाई. तोटीच्या वजनाने नव्हे.

मला भाऊसोंसोबत राहणे आवडत होते, हेही इतिवृत्तात यावे.

आयत्या वेळचा विषय

अठ्ठ्याहत्तरची वार्षिक सभा भर दुपारी भरली. हार आणून ठेवला होता. तेवढ्यात भाऊसोंच्या पत्नी सुलाबाई दारात आल्या. या खोलीत त्या कधीच आल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या डाव्या बाजूकडे पाहिले, आणि पदर तोंडाला लावला.

"बसल्यात की हितंच," त्या म्हणाल्या. "तरीच."

"काय झालं, वैनी?" आप्पासो उठले.

"श्राद्धाचं पान दरसाल तसंच ऱ्हातंय. म्हटलं, कुठं अडकलं माणूस. लगीन झाल्यापासनं मी ताट झाकून वाट बघत्या, आप्पासो. कवा दुष्काळ, कवा भूकंप, कवा सभा. म्येल्यावर तरी घरी धाडाल का न्हाई त्येंना?"

"शबूद दिलाय, वैनी. कावळा शिवला तवा."

"कावळ्याला भूक लागली व्हती, शिवला! आन् शबूद तुमी दिलासा. मी न्हाई."

हंबीरराव हळूच म्हणाले, "वैनी, बिनविरोध निवड हाय. मोडायची तर समोर कुणीतरी उभं ऱ्हायाला पायजे."

"मी हाय की उभी."

"नवऱ्याच्या इरोधात?"

"जित्ते असताना धाडस झालं न्हाई."

कोणी हसले नाही. आप्पासोंनी टोपी काढून पुन्हा घातली.

"मग मतं घ्यावी लागत्यात," ते म्हणाले. "भाऊसोंच्या बाजूनं कोण?"

एकही हात वर झाला नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. सगळे थांबले होते. आवाज आला असता तर भाऊसो राहिले असते, कायमचे, आणि माझ्यावर राहिले असते. माझ्या सांध्यांतून तो आवाज वर येताना मला जाणवला. मी प्रत्येक खाच, प्रत्येक खिळी आवळून धरली. डाव्या पायाला चीर गेली, पण ती आतल्या आत.

वाजले नाही.

"सुलाबाईंच्या बाजूनं?"

हंबीररावांचा हात पहिला वर गेला. ते पाहून आप्पासोंनी घाईघाईने दोन्ही हात वर केले.

सुलाबाई माझ्यासमोर आल्या. त्यांनी हार, नारळ, झबले, तोटी, सगळे उचलून टेबलावर ठेवले. मग अगदी हळू, घरात बोलावे तसे म्हणाल्या, "उठा आता. झाली सभा."

आधी माझ्या दोन्ही हातांवर भार आला, म्हातारा माणूस उठताना देतो तसा. मग पुढची कड दबली. मग वेत हळूहळू वर आला आणि सपाट झाला. ते सगळ्यांनी पाहिले. दारात उभी असलेली हरणाबाई बाजूला सरली, वाट दिल्यासारखी.

सुलाबाई बसल्या. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. "टाकीचं फुडल्या आठवड्यात बगू," त्या म्हणाल्या. "आज आपापल्या घरी जावा. माज्याकडं पान वाढायचं हाय."

आभार

मित्रांनो, आता मी समितीच्या खोलीत कोपऱ्यात असते. माझा डावा पाय तारेने बांधला आहे. दुरुस्त करा असे मी म्हणत नाही.

एवढेच सांगते. तुमच्या गावातही कोणीतरी सगळ्यांचे बघत असेल. त्याचे आभार सभेत मानू नका, हार घालू नका. त्याच्या हातातले एक काम काढून घ्या आणि तो जिवंत आहे तोवर त्याला वेळेवर घरी पाठवा. आणि कुठल्या सभेत रिकामी खुर्ची दिसली, तर बसण्याआधी तिच्यावर तळहात ठेवून बघा. गार असेल तर खुशाल बसा.

ऊब लागली, तर आधी तिच्यावर बसलेल्याला त्याच्या घरी पाठवा. तिथे कोणी वाट बघत असेल.