चार बोटं उतार

माझ्या नातीला, मार्लिसला, जुळं झालं त्या वर्षी, म्हणजे २००९ साली, मी ती जुनी घडीची कॅम्पर घेतली. मोटारीमागे ओढायची बुटकी पेटीच ती. हँडल फिरवलं की छप्पर चार खांबांवर वर चढतं आणि त्याच्याखाली कापडाच्या भिंती उलगडतात. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते.

चाळीस उन्हाळे मी तळ्याकाठी काढले होते. नवरा गेला आणि माझ्या मुलीने, लोर्नाने, आमची मोठी कॅम्पर मला न विचारता विकून टाकली. आता मी तिच्या मागच्या खोलीत राहावं आणि टीव्ही बघावा, असं तिचं म्हणणं.

"आई, हे भंगार आहे. छप्पर अंगावर कोसळेल."

"माझ्याच अंगावर ना? तुला काय त्याचं?"

शेवटी तिने अट घातली. जून लागायच्या आत एक दिवसभराचा पाऊस ती स्वतः आत बसून बघणार. गादीवर एक थेंब पडला, तरी भंगारवाल्याला फोन. मी म्हटलं, ठरलं.

माझा धाकटा भाऊ रेइनो बंदरावर लोहखनिजाच्या क्रेन चालवायचा. त्याची फुप्फुसं गेली होती. नाकात ऑक्सिजनची नळी घालून तो माझ्या अंगणात खुर्ची टाकून बसायचा. मदतीला आलो म्हणायचा, पण यायचा टोमणे मारायला.

पहिल्यांदा हँडल फिरवलं तर तीन कोपरे वर निघाले आणि मागचा डावा जागचा हलेना. मी दोन्ही हातांनी जोर लावला.

"थांब गं! दोर तोडशील!" रेइनो ओरडला.

"कोपरा अडलाय, मग जोर नको लावायला?"

"अडलेल्याला जोर लावतात होय? चारही खांब एकाच तारेच्या दोरावर आहेत. एक अडला की सगळा ताण त्या दोरावर येतो. आधी बघ, त्याला धरलंय कोणी."

बघितलं. चिखलाखाली चौथी कडी लागलेलीच होती. आणि हँडलशेजारी कागद चिकटवलेला: आधी चारही कड्या सोडा. मी त्रेपन्नाव्या वर्षी वाचायला शिकले, आणि समोरचा कागद वाचला नव्हता.

"मग शिकलीस कशाला?" रेइनो म्हणाला.

गळतीचं काम लांबलं. आधीच्या मालकाने जिथे पाणी दिसेल तिथे वरून सिलिकॉन थापलं होतं. मी त्यावर आणखी थापणार होते.

"सिलिकॉनवर काही चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही," रेइनो म्हणाला. "आणि पाणी जिथे दिसतं तिथून आत शिरत नाही. कडेची पट्टी काढ."

अकरा दिवस मी गुडघ्यांवर बसून ते खरवडलं. पट्टी काढली तर स्क्रूच्या भोकांतून पाणी पिऊन आतलं लाकूड केकसारखं मऊ झालेलं. हातभर कापून टाकलं, नवीन बसवलं, खाली चिकट पट्टी घालून स्क्रू आवळले. पाणसळ लावून सगळी कॅम्पर सपाट केली. बुडबुडा मधोमध. मला त्याचा गर्व झाला होता.

मेच्या शेवटच्या शनिवारी पहाटेपासून पाऊस लागला. लोर्ना कॉफीचा मग आणि फोन घेऊन गादीवर येऊन बसली. दुपारपर्यंत सगळं कोरडं. मग छपराचा मध्य हळूहळू खाली आला. वर डबकं साचलं होतं. छपरातल्या हवेच्या झरोक्याच्या कडेला एक थेंब फुगला आणि टपकन लोर्नाच्या कॉफीत पडला.

"झालं!" तिने फोन उचलला.

"अट गादीची होती. कॉफीची नव्हती."

"आई!"

"थेंब गादीवर पडू दे, मग लाव फोन."

दुसरा थेंब फुगत होता, आणि त्याच्या बरोबर खाली गादीच होती. मी बाहेर पळाले. रेइनो त्याच्या मोटारीत बसला होता. काच खाली करून तो खोकत खोकत ओरडला, "तुझी ती पाणसळ फेक तळ्यात! छप्पर म्हणजे जेवायचं टेबल आहे का? नाक खाली कर त्याचं!"

मी पुढचे दोन आधार सैल केले आणि मोटारीला जोडायच्या दांड्याखालचा जॅक फिरवत कॅम्पर पुढून चार बोटं खाली घेतली. बादली ओतावी तसं सगळं पाणी पुढे कोसळलं, माझ्या बुटांत. आत गेले. छप्पर परत ताठ झालं होतं. तो थेंब कडेलाच लोंबकळत राहिला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. तो पडला नाही. संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा गादी कोरडी होती.

"अशा उतारावर झोपणार कशी?" लोर्ना म्हणाली. "पाण्याबरोबर तूही घरंगळशील."

"घरंगळले तर तळ्याकडेच जाईन ना."

तिने कॉफी बाहेर ओतली आणि फोन खिशात टाकला.

तो सगळा उन्हाळा मी तळ्याकाठी काढला. दर रविवारी रेइनो कागदात गुंडाळलेल्या गरम पेस्ट्या, मांस-बटाटा भरलेल्या करंज्याच त्या, घेऊन यायचा. मला हाक मारायच्या आधी छपराखाली हात घालून चाचपायचा आणि म्हणायचा, "पडलं नाही अजून?" त्यानंतरचे अकरा उन्हाळेही ते पडलं नाही. झरोक्याची कड मी त्याच जूनमध्ये नीट केली. उतार मात्र तसाच ठेवते, मोजून चार बोटं.

माझा भाऊ रेइनो ११ फेब्रुवारी २०१० ला, गुरुवारी सकाळी, वारला.