सावलीची राखण

बायको गेली तेव्हा चष्मेवाल्याला रडू आलं नाही. लोकांचं काय, रडलं तरी बोलतात, नाही रडलं तरी बोलतात. या माणसाचं काळीज दगडाचं आहे असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि त्यालाही ते पटलं.

तरी सूर्याजवळ आलेल्या शुक्राचा फोटो काढायला तो गच्चीवर गेला. या दिवसांत शुक्राची चंद्रासारखी बारीक कोर होते. बायको तिला आकाशाचं कापलेलं नख म्हणायची आणि नवऱ्याला रिकामटेकडा. पण या खेपेला नख नीट आलं तर दुकानात लावू, असं दवाखान्यातून तीच बोलली होती.

खरं तर ही उठाठेव दोघांची. दुर्बिणीत सूर्य शिरला तर कॅमेरा जळतो, डोळा लावलेला असेल तर डोळाही जातो. म्हणून दुर्बीण जिन्याच्या खोलीच्या सावलीत उभी करायची. सूर्य भिंतीआड, शुक्र भिंतीच्या कडेबाहेर. अडचण एवढीच, की शुक्रामागोमाग त्याच कडेने सूर्यही बाहेर यायचा. चष्मेवाला कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या चित्रात गुंग, त्याला ऊन-सावलीचं भान कुठलं? मग बायको सावलीच्या कडेला स्टूल टाकून अनवाणी बसायची, डोळ्यांत तेल घालून. पायाला ऊन लागलं की म्हणायची, "अहो, पाय भाजला." तो दुर्बिणीला झाकण लावायचा. इतक्या वर्षांत त्याने स्वतः कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

आज तिथे स्टूल मांडून त्यापुढे त्याने तिच्या चपला ठेवल्या. मेहुणी बहिणीच्या सगळ्या वस्तू वाटून टाकायला घेऊन गेली, तेव्हा एवढ्या चपलाच दाराआड राहून गेल्या होत्या.

शुक्र सापडला. पडद्यावर कोर थरथरत होती. तो फोटो घेत गेला. आजवरची सगळ्यांत बारीक, सगळ्यांत स्वच्छ कोर मिळाली, आणि त्याला काहीही वाटलं नाही.

मग त्याने मान वळवली. ऊन चपलांवर आलं होतं. ते पुढे कुठे निघालंय हेही त्याला कळत होतं. पण हात उठेना. झाकण हाक आल्यावर लावायचं असतं, आणि हाक येत नव्हती. तो वाट बघत बसला. ऊन चपला ओलांडून दुर्बिणीच्या तिवईपाशी पोहोचलं.

"अहो," शेवटी तोच म्हणाला, "पाय भाजला."

आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला. पण हाताने तो ऐकला आणि झाकण लावलं.

सामान आवरून त्याने चपला उचलल्या. त्या आतून गरम होत्या, नुकत्याच कुणी पायातून काढल्यासारख्या. त्या छातीशी धरून तो तिच्या स्टुलावर बसला, आणि ती गेल्याचं त्याला तेव्हा कळलं.