तीन इंचांची भिंत

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी टेप आहे, सुप्याच्या वाल्मिक मिस्त्रीच्या पिशवीतला. माझ्या अंगावर फूट आणि इंच छापले गेले तेव्हा वाटले होते की आपले काम सोपे. जेवढे असेल तेवढे सांगायचे. पण माणसांत राहून माझा गोंधळच वाढत गेला.

"माझा टेप खोटं बोलत न्हाई," असे वाल्मिक चारचौघांत सांगे आणि मला तेलाचा हात लावी. पुढे मी एकदा स्लॅबवरून पडलो आणि टोकाचे तीन इंच तुटून गेले. तेव्हापासून तो मला एक फुटाच्या खुणेवर धरी आणि आलेल्या मापातून फूट वजा करी. नवा टेप घ्यायचे मात्र राहूनच जाई.

गेल्या वर्षी बनुबाईंच्या घराचे काम निघाले. भावकीच्या वाटणीत आलेली जागा अकरा फूट रुंद, साठ फूट लांब. त्यांचे यजमान रंगनाथकाका एका आजारपणापासून चाकाच्या खुर्चीत. इंजिनिअर मोनिकाने नकाशा काढला. एका अंगाला खोल्या आणि दुसऱ्या अंगाला थेट परसापर्यंत तीन फुटांचा बोळ. आखणीच्या दिवशी वाल्मिकबरोबर मला ताणून तिने जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या आणि काकांना त्यांतून खुर्ची चालवायला लावली. काका कुणाच्या मदतीवाचून परसापर्यंत गेले आणि तिथेच कितीतरी वेळ बसून राहिले.

मग मधली भिंत उभी राहिली. काका पुन्हा आले, बोळात शिरले आणि थांबले. भिंतींना घासून त्यांच्या दोन्ही हातांची बोटे सोलवटली होती.

मोनिकाने नव्या टेपने मोजले. तेहेतीस इंच. वाल्मिकने मला ताणले. मी छत्तीस म्हणालो. मला काहीच कळेना. बोळ एकच, मग मापे दोन कशी? मी खोटा, की तो?

वाल्मिकने भिंतीला टेकलेले माझे तुटके टोक पाहिले आणि मला खाली ठेवले. "आखणीच्या दिवशी फूट सोडायचं इसरलो मी."

मोनिका म्हणाली, "तुटकं टोक माझ्याच हातात होतं, मिस्त्री. दिसलं होतं मला. तुम्ही जुने कारागीर, म्हणून विचारलं नाही."

"ऱ्हाऊ द्या आता," काका म्हणाले. "मी हात सांभाळून जाईन."

"जाल हो तुमी," बनुबाई म्हणाल्या, "पन रोज सांभाळूनच जायचं, तर ह्ये घर बांधलं कशाला?"

वाल्मिकने हातोडा उचलला आणि आपल्याच हाताने रचलेली भिंत पाडायला घेतली. विटा मोनिका बाहेर नेऊन ठेवत होती. पंधरा दिवसांनी भिंत तीन इंच मागे घेऊन पुन्हा उभी राहिली आणि काका त्या बोळातून परसात गेले. मागे कुणी ढकलत नव्हते.

आता वाल्मिककडे नवा टेप आहे. मी खुंटीवर गंजत पडलो आहे. चूक माझी, मिस्त्रीची की मोनिकाची, हे मला अजून उलगडलेले नाही. पण मित्रांनो, एवढे नक्की करा. हातातली वस्तू मोडकी दिसली तर समोर कितीही मोठा माणूस असो, त्याला तसे सांगा. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. तुम्हाला येते.