मोठ्यानं वाचायचं पुस्तक

कोकिळा गेली हे बबनरावांना दुपारी सव्वादोनला कळलं. दोन हजार सहाचा नोव्हेंबर होता, वार सोमवार. दिग्रसच्या घरी ओसरीत बसून ते एका प्रवचनांच्या पुस्तकात पेन्सिलीनं खुणा करत होते. शेजारच्या फिरोजचं बसस्टँडमागे मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान. तो ऑइलचे हात न पुसताच फाटकातून आत आला.

"काका, चप्पल घाला. चाला."

"कुठी?"

"दवाखान्यात. काकीची बस फोडली."

"तिले लागलं का?"

फिरोजनं खाली वाकून काकांच्या चपला सरळ केल्या आणि पायापाशी ठेवल्या. बबनराव तिथंच समजले.

दवाखान्यात तिला भिंतीकडच्या बाकावर निजवलं होतं. दगड डाव्या कानशिलावर बसला होता. रस्त्याच्या कामाची गिट्टी, मुठीपेक्षा मोठी. कानशील आत दबलं होतं आणि तो डोळा फुगून अर्धा उघडा राहिला होता. केसांत काच भरली होती. बबनराव खाली बसले आणि एकेक काच वेचायला लागले. नर्स म्हणाली, "राहू द्या, बाबा, बोटं कापतील." बोटं कापली. त्यांनी वेचणं थांबवलं नाही. डोक्याला पट्टी बांधलेला कंडक्टर कोपऱ्यात बसून येईल त्याला एकच सांगत होता, "मी बाईले म्हटलं होतं, खाली वाका. त्या म्हणे, पोरगी रडून राह्यली समोरची, तिले घेते."

ती दारव्ह्याला बहिणीकडे गेली होती. परतीची बस दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्रासमोर अडवली गेली. केंद्र चार दिवस बंद होतं. बैलगाड्या आणि ट्रॉल्या नाक्यापर्यंत लागल्या होत्या. सोमवारी फाटक उघडलं आणि ग्रेडरनं पहिलीच ट्रॉली ओली म्हणून परत केली. लोकांनी त्याला खुर्चीवरून ओढलं. गाडीच्या उभारीनं, कडेच्या दांड्यानं, त्याचे दोन्ही हात मोडले. तोंडात कापूस कोंबला, गालफडं फाटेस्तोवर कोंबला, आणि त्याला गंजीवर टाकून गंजी पेटवायला निघाले. कोणीतरी काडी हिसकून घेतली म्हणून तो वाचला. मग जमाव रस्त्यावर आला आणि समोर बस होती.

बबनरावांनी स्वतः एकतीस वर्षं जिनिंगमध्ये ग्रेडरच्या हाताखाली काम केलं होतं. सरकीपासून धागा ओढायचा, दोन अंगठ्यांमध्ये ताणायचा, तुटतो कुठे ते बघायचं. शाळा सातवीपर्यंतच झाली होती. पण वाचनाचा नाद होता, आणि गेली चौदा वर्षं ते आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकात पुस्तकांची परीक्षणं लिहीत होते. महिन्याला अर्धं पान. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा परीक्षकाला सगळ्यांच्या आधी लागू आहे असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी एक रीत घालून घेतली होती. पुस्तक डाकेनं आलं की ते कोकिळा फोडायची. वर्तमानपत्राचं कव्हर घालायची, आतल्या पानावरचं लेखकाचं नाव कागद चिकटवून झाकायची आणि मगच नवऱ्याच्या हातात द्यायची. परीक्षण लिहून पाकिटात बंद झाल्यावर कागद निघायचा. मंडळी लहान, सगळे एकमेकांचे सोयरे. नाव दिसलं की पेन वाकडं चालतं.

"घ्या, झाकून दिली नवरी," ती म्हणायची. "मायं लग्न बी असंच झालतं. तोंड न पाहता."

"पस्तावली का मंग?"

"परीक्षण लिहिते अन् सांगते."

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास एक पातळ पुस्तक आलं होतं. नाव 'दोरीचा कोरडा'. प्रभूनं दोरीचा कोरडा, म्हणजे चाबूक, वळून मंदिरात सराफांचे चौरंग उलथले आणि जनावरं हाकलली, त्या एका प्रसंगावर चौऱ्याऐंशी पानं. आपण प्रभूला मेंढरू करून ठेवलं, असं लेखकाचं म्हणणं. बाजार देवळात शिरतो तेव्हा राग हीच उपासना होते, आणि ज्याचा माल आणि मान रोज तुडवला जातो त्याला शांत राहा सांगणारा पाळक हा सराफाचा भाऊ आहे. बबनरावांनी रीतीप्रमाणे तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या अंगावर काटा आला. इतक्या सरळ मराठीतलं पुस्तक मासिकाकडे कधी आलं नव्हतं.

भाकरी थापता थापता कोकिळेनं विचारलं होतं, "कसं हाय?"

"जोरदार हाय."

"जोर तर बैलातबी असते. वाचून झाल्यावर वाचणाऱ्याचा हात काय करन?"

"थो माया प्रश्न नाही. मी पुस्तक पाह्यतो, हात नाही पाहत."

"मंग कोन पाह्यते?"

तिला लेखकाचं नाव माहीत होतं. रीत मोडायची नाही म्हणून तिनं ते सांगितलं नाही. पुस्तक बोरी अरब गावच्या नयनचं होतं. तिथल्या लहान मंडळीत तो संदेश द्यायचा. दोन वर्षांपूर्वी एका अडत्याला त्यानं चौकात खेटरानं मारलं होतं, आणि ही गोष्ट बबनरावांना ठाऊक होती. नाव दिसलं असतं तर त्यांनी ते पुस्तक संशयानं वाचलं असतं. ते नीट वाचलं जावं म्हणूनच तर कागद चिकटवलेला होता.

तरी तिचं बोलणं त्यांच्या मनात राहिलं. परीक्षणाच्या शेवटी त्यांनी लिहिलं, की कोरडा उगारला तेव्हा तो कोणा माणसाच्या अंगाला लागला का, हे लेखक विचारत नाही. ज्या रागाला कुठे थांबायचं ते सांगितलेलं नाही त्याच्या हाती माणूस देऊ नये. मग ओळी मोजल्या. अर्ध्या पानाला चार जास्त होत्या. वरचं एक वाक्य त्यांना फार आवडलं होतं: 'हे पुस्तक घरात मनाशी वाचायचं नाही, चारचौघांत मोठ्यानं वाचायचं आहे.' ते ठेवलं आणि खालच्या चार ओळींवर काट मारली. पाकीट बंद झालं. कागद निघाला, नाव दिसलं. बबनराव म्हणाले, "तरी पुस्तक चांगलंच हाय." कोकिळेनं पाकिटाला तिकीट लावलं.

मातीनंतर आठवड्यानं फिरोज चहा घेऊन आला. कप ठेवला आणि उभाच राहिला.

"बस ना, लेका. कायले खांब झाला?"

"काका, सोमवारी मी केंद्रावर होतो. एका ट्रॅक्टरचा पंप पाह्याले गेलतो." तो बसला. "नयनभाऊ ट्रॉलीवर चढले होते. थे तसे भांडण सोडवाले आल्यासारखेच वाटले पहिले. मंग त्याईनं खिशातून कागद काढला. तुमचं नाव घेतलं. जाणत्या माणसानं लिहिलं म्हणे, हे पुस्तक मोठ्यानं वाचा. अन् दोन पानं वाचली."

"लोक ऐकत होते?"

"चार दिवसांचे उपाशी लोक, काका. असे चिडीचूप, की बैलाच्या घंट्या ऐकू आल्या. वाचून झालं अन् तवाच फाटक उघडलं." फिरोज जमिनीकडे बघत होता. "सांगू का नको, सात दिवस झाले इचार करून राह्यलो."

बबनरावांनी चहा पिऊन टाकला. तो गार झाला होता.

नयन आला तो रविवारी, उपासना सुटल्यावर. पस्तिशीचा, उंच, खोलीत बोलला तरी बाहेर ऐकू जाईल असा आवाज. फिरोज तेव्हा मागच्या दारी पाण्याची मोटर उघडून बसला होता.

"सलाम, काका."

"बस."

"काकीसाठी रोज प्रार्थना करून राह्यलो."

"कर."

नयननं हातातली गुंडाळी मांडीवर धरली, सोडली, पुन्हा धरली. "एक काम होतं. पण आज नको म्हणत असान तर..."

"आलाच हायस तर सांग."

त्यानं गुंडाळी उलगडली. दुसऱ्या आवृत्तीचं कव्हर होतं. मागच्या बाजूला बबनरावांचं ते वाक्य, खाली त्यांचं नाव. "तुमी हो म्हटल्याबिगर छापत नाही," नयन म्हणाला.

"ट्रॉलीवर तूच वाचलं?"

"वाचलं."

"अन् मंग दगड?"

"दगड म्या नाही मारला. मारा असंबी नाही म्हटलं. पुस्तकात दगड कोन्या पानावर हाय, तुमीच दाखवा. तुमी तर तीनदा वाचता म्हणतेत." तो उर्मटपणे बोलत नव्हता. त्याचे डोळे भरले होते. "काका, मी काही लेखक थोडाच हाय. मले वाटलं, तुमच्याकडं पाठवतो, चुकलं असन तर थे सांगतील. तुमी एक अक्षर उणं लिहिलं असतं तर म्या थे पुस्तक पेटीत टाकलं असतं. तुमी लिहिलं मोठ्यानं वाचा, तर वाचलं."

टेबलावर कागद उडू नयेत म्हणून जिनिंगमधलं वजनाचं जुनं लोखंडी माप ठेवलेलं असायचं. बबनरावांनी ते उचललं आणि नयनच्या तोंडावर हाणलं. दात फुटल्याचा आवाज झाला. नयन खुर्चीसकट मागे गेला. बबनराव त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसले आणि पुन्हा हाणलं, जबड्यावर, मग गळ्याखालच्या हाडावर. ते हाड कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखं मोडलं. नयननं हात वर केले नाहीत. नुसतं डोकं वळवलं. बबनरावांना त्याचं कानशील दिसलं, डावं, आणि त्यांनी माप तिथंच नेमलं. साठ वर्षांत त्यांना काहीही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

फिरोजनं मागून मिठी घातली. माप भिंतीला लागलं आणि गिलावा पडला.

"काका, सोडा. मरन थो."

"मरू दे."

"मंग काकीले काय सांगसान?"

बबनरावांचे हात सुटले. नयन एका कुशीवर वळला आणि कव्हरच्या कागदावर रक्त थुंकला. फिरोजनं त्याला ऑटोत घालून नेलं.

संध्याकाळी फिरोज परत आला, हातपाय धुऊन ओसरीत बसला.

"जबडा तारेनं बांधला. यवतमाळले हलवतील उद्या."

"पोलीस?"

"त्यानं कागदावर लिहून देल्लं डॉक्टरले. गाडीवरून पडलो म्हणून." फिरोजनं मान हलवली. "म्या पुसलं, काहून खोटं लिहिलं? तर नुसतं पाह्यलं मायाकडं."

हे बबनरावांच्या जिवाला लागलं. नयनचा राग त्यांना पेलता आला असता. त्यानं आपल्यासाठी खोटी साक्ष दिली हे पेलवत नव्हतं. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी संदेशात त्यांचं नाव घेतलं, की पत्नी गमावूनही या भावाच्या तोंडून कडू शब्द निघाला नाही. बायकांनी डोळे पुसले. बबनराव बाकावर बसून राहिले. उठून खरं सांगितलं नाही.

घरी येऊन त्यांनी जुना मसुदा काढला. काट मारलेल्या चार ओळी वाचता येत होत्या. त्यांनी त्या स्वच्छ अक्षरात उतरवल्या. खाली लिहायला घेतलं, की या ओळी मी जागेसाठी काढल्या, जागा मात्र मी एका कौतुकाच्या वाक्याला दिली. इथवर जमलं. त्याच्यापुढे, लोखंडी माप उचलणाऱ्याला कोरड्यावर लिहायचा अधिकार उरतो का, हे लिहावं लागणार होतं, आणि नयन आला त्या रविवारी काय केलं तेही नावानिशी. तिथं पेन थांबलं. संपादकांचा फोन आला. ते म्हणाले, "दुःखात आहात, घाई करू नका, पुढच्या अंकात घेऊ."

तेव्हापासून तीन अंक निघाले. नयननं दुसरी आवृत्ती काढली नाही. पण पहिलीच्या प्रती लोकांकडे आहेत, आणि मासिकातलं अर्धं पान कापून आत चिकटवलेलं आहे. मागच्या आठवड्यात पुसदकडच्या एका गावात ते पुस्तक पारावर मोठ्यानं वाचलं, असं कोणी तरी कौतुकानं सांगून गेलं.

चार ओळी छापायला द्यायच्या राहिल्या आहेत. बोरी अरबला नयनकडे जायचं राहिलं आहे.